अडवलेली मोटर

अंबडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका खासगी प्रयोगशाळेत मी विजेची उपकरणं तपासते. इस्त्री, मिक्सर, पाणी तापवायचे रॉड. घरच्या विजेवर चालणारी वस्तू विक्रीला जाण्याआधी आमच्याकडे येते, सुरक्षेच्या मानकात लिहिलेला सगळा छळ आम्ही तिचा करतो आणि ती टिकली तरच पास म्हणतो. वस्तूसोबत कंपनीचा कुणी माणूस येतो, निकाल घेऊन जातो. त्याचा चेहराही लक्षात राहत नाही.

येवल्याच्या त्या बाई मात्र स्वतःच आल्या होत्या, चादरीत गुंडाळलेलं यंत्र मांडीवर घेऊन. त्यांच्या घरात पैठणीचे माग होते. सासूबाई हाताने रहाट फिरवून रेशमाच्या कांड्या भरायच्या, म्हणजे मागासाठी धागा छोट्या नळ्यांवर गुंडाळायच्या; त्यात त्यांचा उजवा खांदा पार गेला होता. म्हणून सुनेने शिलाई मशीनची मोटर लावून कांड्या भरायचं यंत्र बनवलं. ते धागा इतक्या हलक्या हाताने ओढायचं की रेशीम तुटत नसे. शेजारच्या चार घरांनी तसंच मागून घेतलं. आणखी करून विकायची असतील तर आधी तपासून घ्या, असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं.

पहिल्या तपासणीत ते नापास झालं. पत्र्याची पेटी, दोन पिनांची वायर, अर्थिंग नाही.

"आतली वायर सुटून पत्र्याला लागली, तर हात लावणाऱ्याला शॉक बसेल," मी सांगितलं.

"आमच्याकडं कधीचं चालतंय, मॅडम. कुणाला काय झालं नाय."

"आजवर झालं नाही, म्हणून होणारच नाही असं मला लिहिता येत नाही."

त्या रागावल्या नाहीत. काही महिन्यांनी यंत्र सुधारून परत आल्या. तीन पिनांची वायर, पक्कं अर्थिंग, आतल्या तारा नीट बांधलेल्या. मला फार बरं वाटलं. एकेक चाचणी पार पडत गेली आणि शेवटी राहिली मोटर अडवायची चाचणी. धागा गुंतून मोटर अडकली तर काय होतं, हे पाहायला आम्ही ती मुद्दाम अडवतो आणि वीज चालूच ठेवतो. बाई काचेपलीकडून बघत होत्या. पेटीच्या फटीतून आधी धूर आला, मग ज्वाळ.

"रेशमाच्या ढिगात ठेवलेलं असतं हो हे," एवढंच त्या म्हणाल्या.

मोटर तापली की वीज तोडणारा छोटा कटआऊट बसवा, मग असं होणार नाही, हे मी त्यांना दोनदा समजावलं. त्यांनी मान हलवली. मी त्यांची वाट पाहत राहिले. त्या काही आल्या नाहीत.

मागच्या हिवाळ्यात भाचीच्या लग्नाची पैठणी घ्यायला येवल्याला गेले, तेव्हा विचारत विचारत त्यांचं घर गाठलं. सासूबाई कोपऱ्यात बसून डाव्या हाताने रहाट फिरवत होत्या. उजवा हात मांडीवर नुसता पडून होता.

"यंत्र?" मी विचारलं.

"मोडून टाकलं. शेजारची चारही परत आणली. कुणाच्या घरात जाळ लागला आन् पोरंबाळं आत असली तर?" बाई म्हणाल्या. "तुम्ही सांगितलं होतं ते बसवायचं म्हणून मोटर हातात घेतली दोनदा. पण तो धूर दिसायचा. नाय जमलं."

"मग शेजारी आता हातानेच भरतात?"

त्या ओशाळं हसल्या आणि मला शेजारच्या घरी घेऊन गेल्या. तिथे बाजारातून आणलेलं एक चकचकीत यंत्र घरघरत होतं. त्यावर तपासणीचा कसलाच मार्क नव्हता. वायर दोन पिनांची. पत्रा हाताला झिणझिणत होता.

त्यांनी यंत्रं परत नेली म्हणून शेजारणीने ते घेतलं होतं. ते आमच्याकडे कधी येणार नव्हतं. आमच्या दारात आली ती या बाईंची मोटर, आणि जळाली तीही त्यांचीच. माझा निकाल बरोबर होता, आजही तोच देईन. पण त्या घरात उभी असताना मला त्याचा काडीचाही आधार वाटला नाही.

"हे बदला," मी शेजारणीला म्हटलं. "निदान पिन काढल्याशिवाय उठत जाऊ नका."

"बरं, ताई," ती म्हणाली आणि तिने नवी कांडी लावली.