टेबलामागची जागा

टेबल टेनिसचं टेबल नऊ फूट लांब आणि पाच फूट रुंद असतं. हे मला वयाच्या बाराव्या वर्षापासून पाठ आहे. पाठ असूनही मी जे केलं ते केलं, म्हणून हे लिहिते आहे. कुणी माफ करावं अशी अपेक्षा नाही. ज्यांची माफी मागायची, त्यांनी ती मागूच दिलेली नाही.

कर्वेनगरमधली आमची सोसायटी सरकारी नोकरांनी मिळून बांधलेली. चार इमारती, तीन-तीन मजले, लिफ्ट नाही आणि मधोमध पत्र्याचा एक लांबलचक हॉल. त्या हॉलमध्ये गणपती बसायचा, बारशी व्हायची, वार्षिक सभेत भांडणं व्हायची आणि उरलेले सगळे दिवस टीटी चालायचं. टेबल जुनं होतं आणि त्याचा एक कोपरा पावसाच्या पाण्याने फुगला होता. तिथे पडलेला चेंडू कुठे उडेल हे फक्त आम्हाला माहीत असायचं. बाहेरून खेळायला आलेला पाहुणा तिथे हमखास फसायचा आणि आम्ही त्याला मुद्दाम त्याच बाजूला उभं करायचो.

नियम एकच. जिंकेल तो टेबलावर राहणार, हरेल तो बाकावर जाऊन बसणार. बारा वर्षांची मुलगी म्हणून मला कुणी सवलत दिली नाही. पाच मिनिटांत हरायचं आणि पाऊण तास बाकावर बसायचं, असं जवळजवळ वर्षभर चाललं. घरी येऊन मी रडायचे. वडील म्हणायचे, मग जाऊ नकोस. मी दुसऱ्या दिवशी परत जायचे.

त्या बाकावरून मी सगळ्यात जास्त पाहिलं ते तळमजल्यावरच्या काकांना. ते तेव्हा चौतीस वर्षांचे होते, पाटबंधारे खात्यात आरेखक, म्हणजे धरणांचे आणि कालव्यांचे नकाशे काढणारे. खडकवासल्याच्या कालव्याचे कितीतरी तुकडे त्यांच्या हातून कागदावर उतरले होते. ते टेबलापासून दहा-बारा फूट मागे, जवळजवळ हॉलच्या दारात उभं राहून खेळायचे. समोरच्याने कितीही जोरात मारलं तरी ते मागून, गुडघ्याच्या उंचीवरून बॅट खाली कापत चेंडू परत पाठवायचे. याला चॉप म्हणतात. चेंडू तरंगत यायचा, समोरच्याला सोपा वाटायचा आणि मारला की जाळीत जायचा. समोरचा दमून, चिडून चूक करेपर्यंत काका तो परत पाठवत राहायचे. त्यांच्या बनियनला घामाचा एवढा मोठा डाग पडायचा, पण चेहऱ्यावर काही दिसायचं नाही.

"काका, तुम्ही मारत का नाही?" मी एकदा विचारलं.

"मारायला तुम्ही सगळे आहात की."

मला खेळ त्यांनी शिकवला. स्वतःसारखा नाही शिकवला. "तुझे हात आखूड आहेत आणि डोकं गरम आहे," ते म्हणाले. "तू टेबल सोडू नकोस. चेंडू उठला रे उठला की मार." मी टेबल सोडलं नाही. माझा सगळा खेळ टेबलामागच्या एका पावलात बसतो आणि त्या एका पावलावर मी शाळेची, मग कॉलेजची आणि एकदा विद्यापीठाचीही ढाल आणली.

काका बौद्ध. बुद्धपौर्णिमेला त्यांच्याकडे खीर असायची आणि काकू हॉलमध्ये येऊन सगळ्या मुलांना बोलवायच्या. मी खाऊन आले की आई काही म्हणायची नाही, फक्त रात्रीच्या जेवणाला मला जरा उशिरा वाढायची. तीस वर्षांत सोसायटीच्या कमिटीसाठी काकांचं नाव कुणी सुचवलं नाही. नकाशे वाचता येणारा सोसायटीत तो एकच माणूस होता. त्यांचं नाव का येत नाही हे सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी बोलत नव्हतं. मीही बोलले नाही, आणि मी तर स्वतःला फार सरळ समजत होते.

मी इंजिनिअर होईपर्यंत देशाचं दार उघडलं होतं आणि त्यातून आम्ही सगळे धावत आत शिरलो. हिंजवडीला नोकरी लागली. कंपनीच्या इमारतीत टीटीचं निळं टेबल होतं, लाकडी जमीन होती, एसी होता आणि चेंडूंनी भरलेली टोपली होती. खेळताना कुणाला घाम यायचा नाही. हरल्यावर लोक "मीटिंग आहे यार" म्हणून निघून जायचे. तिथे मला हरवणारं कुणी नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मला ते आवडायचं. पण रविवारी सकाळी सात वाजता मी हॉलमध्ये असायचे, कारण तिथे काका असायचे आणि त्यांच्याविरुद्ध मी कधीच जिंकले नव्हते. एखादा गेम घेतला होता, पण तीन गेमांचा पूर्ण सामना एकदाही नाही. मधल्या काळात एकवीसचा गेम अकराचा झाला, चेंडू मोठा आणि हळू झाला. काका म्हणाले, "आता लोकांना नीट हरायलासुद्धा वेळ नाही." मला वाटलं, हे बदल त्यांच्यासारख्यांचा खेळ मोडणार आणि आता तरी मी जिंकेन. तरीही ते दारात उभे राहून मला दमवत राहिले.

लग्न झाल्यावरही मी सोसायटी सोडली नाही. नवऱ्याला रावेतला नवा फ्लॅट घ्यायचा होता. आईच्या जवळ राहायचंय असं सांगून मी आमच्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर घर घ्यायला लावलं. आई हे कारण होतंच, पण रविवार सकाळ हेही होतं. ते मी नवऱ्याला सांगितलं नाही.

मग पुनर्विकास आला. इमारतींना भेगा पडल्या होत्या, म्हाताऱ्यांना जिना चढवत नव्हता, आणि आजूबाजूच्या प्रत्येक सोसायटीत बारा-बारा मजले उठत होते. कमिटीत मला घेतलं, कारण करार इंग्रजीत होता आणि मला इंग्रजी येतं असा सर्वांचा समज होता. बिल्डर सभ्य होता, सभेला पेढे घेऊन यायचा. लोकांनी विचारलं, वाढीव जागा किती, पार्किंग एक की दोन, नळाला पाणी किती वेळ. टीटीचं मीच विचारलं. बिल्डरच्या आर्किटेक्टने हसून पहिल्या मजल्यावरची एक खोली दाखवली. नकाशात त्या खोलीच्या बरोब्बर मध्यभागी हिरवा आयत होता आणि मधून एक पांढरी रेघ होती.

"मॅडम, टेबल व्यवस्थित बसतंय."

मी पाहिलं. टेबल व्यवस्थित बसत होतं. नुसतं टेबल पाहून मी थांबले नाही, हे मुद्दाम सांगते, कारण तेवढी मी मूर्ख नाही. टेबलाच्या मागे किती जागा आहे तेही मी पाहिलं. डोळ्यांसमोर स्वतःला तिथे उभं केलं, बॅट फिरवली. एक पाऊल मागे, एक पाऊल बाजूला. पुरत होतं. मी मान हलवली आणि विषय पुढे गेला.

सगळ्यांच्या सह्या झाल्या, काकांची राहिली. ते त्या वेळी बासष्ट वर्षांचे होते, निवृत्त होऊन चार वर्षं झालेली. संध्याकाळी पाच ते सात ते हॉलमध्ये असायचे. मुलगा नोकरीसाठी बंगलोरला गेलेला. काकू म्हणायच्या, ते दोन तास हॉल आहे म्हणून बाकीचे बावीस मला सहन होतात. सेक्रेटरी मला म्हणाले, "त्यांचं तुमच्याशी जमतं. तुम्हीच जा."

मी गेले. काकूंनी चहा टाकला. काकांनी करार मांडीवर घेतला, पानं चाळली आणि विचारलं, "हॉलचं काय?"

"हॉल नाही काका, पण टीटीसाठी वेगळी खोली आहे. एसी."

"एसीत चेंडू काय गोठवायचाय? नकाशा दाखव."

नकाशा माझ्या फोनमध्ये होता. मला कंपनीची साडेनऊची बस गाठायची होती. दोन दिवसांनी बिल्डरची मुदत संपत होती आणि सेक्रेटरी सकाळपासून तीनदा फोन करून बसले होते. पण खरं कारण ते नव्हतं. खरं कारण असं की आता या गोष्टी मला जास्त कळतात असं मला वाटत होतं. वीस वर्षं कॉम्प्युटरसमोर बसून आणि चारचाकी घेऊन मी त्या निष्कर्षाला आले होते.

"फाइल आहे हो, मोबाईलवर तुम्हाला नीट दिसणार नाही," मी म्हणाले. "मी स्वतः बघितलंय. टेबलामागे जागा आहे. तुम्ही निर्धास्त सही करा."

ज्या माणसाने पस्तीस वर्षं नकाशे काढले त्याला मी हे सांगितलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तू बघितलंयस ना," म्हणाले आणि सही केली. चहा पिऊन मी निघाले आणि बस मिळाली.

इमारत व्हायला चार वर्षं लागली. काका-काकू त्या काळात वारज्याला भाड्याने राहिले. तिथे जवळपास टेबल नव्हतं. मी अधूनमधून फोन करायचे, ते म्हणायचे, "हात गंजलेत, पण पाय चालतात. रोज तासभर फिरतो. तुझी खोली झाली की बघू."

तुझी खोली, असंच म्हणायचे.

ताबा मिळाला त्याच्या दुसऱ्या रविवारी सकाळी सातला आम्ही दोघं तिथे गेलो. काचेचं दार, भिंतीवर उड्या मारणाऱ्या खेळाडूंची चित्रं, कोपऱ्यात कॅरम. काकांनी नवे कॅनव्हासचे बूट घातले होते. ते सवयीने मागे गेले आणि दोन पावलांत त्यांची पाठ भिंतीला लागली. त्यांनी वळून भिंतीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "चल, सर्व्हिस कर," म्हणाले.

मी सर्व्हिस केली. परत आलेला चेंडू नेहमीप्रमाणे जोरात मारला. काकांनी चॉपसाठी हात मागे नेला आणि कोपर भिंतीवर आपटलं. खाडकन आवाज झाला. मी थांबले. ते म्हणाले, "खेळ." दुसऱ्या वेळी बॅटची कड भिंतीला लागून तिचा टवका उडाला. मग त्यांनी पुढे येऊन खेळायचा प्रयत्न केला. सहासष्टाव्या वर्षी ते माझ्या जागेवर, माझ्यासारखे उभे राहिले आणि मी उठलेला प्रत्येक चेंडू मारत गेले. मी हळू खेळायला हवं होतं का? हळू खेळले असते तर त्यांना लगेच कळलं असतं आणि तो अपमान मला करायचा नव्हता, असं मी स्वतःला तेव्हा सांगितलं. आज वाटतं, हातांनाच थांबायचं नव्हतं. बत्तीस वर्षं ते हात या दिवसाची वाट पाहत होते.

अकरा-चार, अकरा-तीन. मी काकांना हरवलं.

सामना संपल्यावर हात मिळवायचा ही त्यांनीच लावलेली शिस्त. त्यांनी जाळीवरून हात पुढे केला, मी मिळवला. त्यांचं कोपर सोललं होतं. मग ते म्हणाले, "तो नकाशा अजून आहे का फोनमध्ये?"

होता. मी काढून दिला. त्यांनी चष्मा लावला, दोन बोटांनी नकाशा मोठा केला, एकदाच पाहिला. पाच सेकंदही लागले नसतील.

"साडेतीन फूट. दोन्हीकडे," ते म्हणाले. "तू हे बघितलं होतंस."

"हो काका. मला वाटलं..."

"नाही, बरोबर बघितलंस. तुला पुरतंय ना?"

नाही म्हणायची सोय नव्हती. आत्ताच मी त्या साडेतीन फुटांत दोन गेम जिंकले होते. मी हो म्हणाले.

"मग झालं तर," ते म्हणाले. फोन माझ्या हातात दिला, बॅट पिशवीत ठेवली आणि काचेचं दार ढकलून गेले. दार आपोआप बंद होणारं होतं, ते हळूहळू त्यांच्यामागे लागलं.

त्यानंतर काका खेळले नाहीत. मी दोनदा माफी मागायला गेले. दोन्ही वेळा त्यांनी पाण्याच्या टँकरचा विषय काढला आणि तोच चालवला. आता संध्याकाळी पाच ते सात ते खालच्या पार्किंगमध्ये खुर्ची टाकून बसतात. काकू बावीस तासांचं वगैरे काही म्हणत नाहीत. दुसऱ्या एखाद्या क्लबात जाऊ या, मी गाडीने नेते, असं मी सुचवलं तेव्हा त्या म्हणाल्या, "अगं, नको. ते म्हणतात, तिला सांग, मला विचारून काही करत जाऊ नकोस, सवय नाही मला."

मी खेळते. सोसायटीत आता आयटीतली पुष्कळ मंडळी राहायला आली आहेत, सगळी टेबलाला चिकटून खेळणारी. खोली लहान आहे अशी आजवर एकाचीही तक्रार आलेली नाही. मागच्या स्पर्धेत मी पहिली आले. आभार मानताना कुणी तरी विचारलं की खेळ कुणाकडून शिकलात. मी सांगितलं, ते इथेच राहतात, आत्ता खाली पार्किंगमध्ये बसलेत. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वर बोलावून आणा, असं मात्र कुणी म्हणालं नाही. मीही म्हणाले नाही, कारण ते आले असते तर त्या खोलीत उभे कुठे राहिले असते?