दुसरी हाक

चालता चालता, पाय न थांबवता ती रस्त्याकडेची एक डहाळी मोडायची, वळणावरच्या वाळल्या फांद्यांच्या ढिगावर टाकायची आणि म्हणायची, "आली बरं मी." मग पदर खोचून पुढे. ऊन असो, धुकं असो, सोबत कोणी असो नसो. मी मोटरसायकल हळू करून विचारायचो, "बाई, बसता का मागे?" तर म्हणायची, "तुम्ही व्हा पुढं. माहा रस्ता बोलत बोलत जाते."

मोहर्लीला सफारीसाठी आला असाल तर तुम्हीही तिला पाहिलं असेल, लक्षात मात्र नसेल. लॉजच्या जेवणघरात गरम भाकरी आणणारी, बोटांच्या पेरांपर्यंत गोंदलेली बाई. तुम्ही म्हणालात "मावशी, अजून एक", ती म्हणाली "आनतो", आणि तुम्ही पुन्हा वाघाच्या फोटोंकडे वळलात. मी त्याच लॉजच्या काउंटरवर. बुकिंग माझ्याकडे, गिझर बिघडला की शिव्याही माझ्याकडे.

तिच्या नवऱ्याला त्या वळणावर वाघानं नेलं होतं. तेंदूपत्ता तोडायला गेला होता. ती मात्र 'वाघ' हा शब्द तोंडातून काढायची नाही. "पोरीच्या बापाले त्यानं नेलं," एवढंच. अशा जागेवरून जाणाऱ्यानं फांदी नाहीतर दगड टाकावा, ही तिच्या गावाची रीत. नाही टाकली तर गेलेला माणूस एकटा पडतो, माणसं शोधत गावाकडे येतो आणि ओळखीच्याला नावानं हाक मारतो.

"एका हाकेले ओ नाई द्याची, भाऊ," ती ताटं पुसत सांगायची. "जितं माणूस असन तर दुसरी हाक मारते. गेलेला एकच मारते."

मी भद्रावतीचा, बौद्ध घरातला. भुताखेताच्या गोष्टी आमच्या बाबांनी उंबऱ्याच्या आत येऊ दिल्या नाहीत. मी हसायचो. तिला राग नसायचा. "हासा ना. पण ओ नका देऊ."

तिची पोरगी आश्रमशाळेत शिकून नर्स झाली आणि बघता बघता अमेरिकेत पोचली. तिथंच लग्न केलं, पुढे दिवस गेले. नेटवर्क फक्त माझ्या काउंटरपाशी, त्यामुळे मायलेकींचं बोलणं माझ्यासमोरच व्हायचं. एक दिवस पोरगी रडायलाच लागली. "आई, मले इथी कोणीच नाई. बाळंतपणाले तू ये." फोन ठेवल्यावर ही माझ्याकडे पाहून म्हणाली, "जा लागते का, भाऊ?" जणू अमेरिका शेजारच्या मूल गावच्या बाजाराएवढी लांब होती.

मग आमची वरात निघाली. पासपोर्टला जन्मतारीख हवी. ती म्हणाली, "मोह वेचाच्या दिवसात झाली मी, हे लिवा." फोटोत कान दिसायला हवेत म्हणून पदर मागे घ्या म्हटलं, तर फोटोवाल्याला बाहेर पाठवून स्वतःच्या हातानं पदर मागे घेतला आणि मग त्याला आत बोलावलं. बोटांचे ठसे उमटता उमटेनात. राखेनं भांडी घासून रेषा राहिल्यातच कुठे? शेवटी मी तिला काही दिवस भांड्यांना हात लावू दिला नाही, रोज खोबरेल चोळायला लावलं. जेवणघरातली पोरं चिडवायची, "बाई तं मालकीण झाली." ती लाजून हात पदराखाली लपवायची.

व्हिसाच्या मुलाखतीची तालीम जेवणघरातच. मी साहेब, ती उमेदवार. माझं एकच टुमणं, "बाई, परत का येणार विचारलं तर काय सांगायचं? घर आहे, शेत आहे, नोकरी आहे. पाठ करा." कारण त्यांना हीच भीती असते, माणूस गेला की परत यायचा नाही. ती पाठ करायची आणि मध्येच म्हणायची, "नाई येऊन जाईन कुठी? हे काऊन विचारतेत?"

मुंबईला मीच घेऊन गेलो. मी बाहेर थांबलो, ती आत. बाहेर आली ती वैतागलेली. साहेबानं तोच प्रश्न विचारला आणि ही घर, शेत, नोकरी सगळं विसरली. "म्या सांगतलं, वळणावर फांदी टाका लागते, नाई तं पोरीचा बाप एकटा पडते. ते मराठीवाली बाई मले विचारे, आजी, कोण एकटा पडतो? म्या म्हटलं, मालक. ते म्हणे, तुम्ही तर विधवा आहात. म्या म्हटलं, हो, म्हणूनच तं."

मी कपाळावर हात मारून घेतला. झालं, गेला व्हिसा. "मग साहेब काय म्हणाला?"

"काई नाई. मंग पासपोर्ट ठेवून घेतला. वापस देत नाई म्हणते का तो?"

पासपोर्ट ठेवून घेतला म्हणजे व्हिसा मिळाला, हे तिला समजवायला मला रस्त्यात मोठ्यानं हसावं लागलं.

निघायच्या दिवशी बॅगेत जवसाची चटणी, लाखोळीची डाळ आणि थंडीत पाहुण्यांना सफारीला देतो त्यातलं एक जाड जाकीट. वळणावर तिनं गाडी थांबवली, डहाळी टाकली, पण नेहमीचं वाक्य बोलली नाही. मग मला म्हणाली, "भाऊ, तुम्ही या वाटेनं जाताच. रोज फांदी टाकजा. आन् त्याईले सांगजा, येऊन राह्यली म्हणून. नाई तं मले शोधत गावात येतीन, लेकराबाळाईले हाका मारतीन."

मी म्हटलं, "सांगतो, येतेय म्हणून." माझ्या बाबांना हे कळलं असतं तर त्यांनी मला घराबाहेर काढलं असतं. पण शब्द दिला तो दिला.

तिकडून फोन आला की पहिला प्रश्न हाच. नात झाली ही बातमीसुद्धा नंतर.

"टाकली?"

"टाकली."

"का सांगतलं?"

"येऊन राह्यली म्हणून."

"बरं."

परतीचं तिकीट काढलेलं होतं. त्याच्या आदल्याच आठवड्यात ती झोपेतच गेली. पोरीचा फोन आला तेव्हा मी एका पाहुण्याला खोलीची किल्ली देत होतो, ती माझ्या हातातच राहिली. तिकडे बर्फ पडत होता. पोरगी म्हणाली, आईला इथल्याच मातीत ठेवलं, जाकीट अंगात राहू दिलं. मला ते जाकीट आठवून फार रडू आलं. आमच्या लॉजचं नाव होतं त्याच्या पाठीवर.

गावातले एक म्हातारे पुजारी मला भेटायला आले. म्हणाले, "भाऊ, तिनं तुमाले सांगतलं होतं, तं तुम्हीच सांगून टाका त्याईले. आता येत नाई म्हणा. वाट पाहाणं सुटन."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मोटरसायकल बंद करून वळणावर उभा राहिलो. डहाळी टाकली. तोंड उघडलं आणि जे रोज बोलत होतो तेच निघालं, "येऊन राह्यली." त्यानंतर आजवर मला दुसरं काही बोलता आलेलं नाही. माझा विश्वास नाही, हे मी अजूनही कोणालाही सांगेन. पण त्या ढिगासमोर उभं राहून त्या माणसाला ती खबर द्यायची माझ्यात हिंमत नाही.

आणि आता तुम्हाला म्हणून सांगतो. कधी कधी फांदी टाकून वळलो की मागून हाक येते. "भाऊ." खोटं कशाला बोलू, आवाज बाईचा असतो.

मी ओ देत नाही, तिनंच शिकवलंय. गाडीही सुरू करत नाही. दुसरी हाक येईल म्हणून तसाच उभा राहतो.

ती अजून आलेली नाही.