महादेवप्पा धूर वाचायचा

लातूर जिल्हा झाला आणि त्याच सुमारास नळ कोरडे पडले. तीन कोसांवरच्या विहिरीवरून मी स्कूटरवर पाण्याचा कॅन आणायचो. एके दिवशी स्कूटरनं पांढरा धूर ओकला आणि ती बंद पडली. ढकलत महादेवप्पा मिस्त्रीकडं नेली.

महादेवप्पा लई तापट. गिऱ्हाईक बोलू लागलं की खेकसायचा, "तुमी गप बसा मास्तर, धूर सांगतो." किका मारमारून त्यानं ती चालू केली, धुरापुढं तळवा धरला.

"ऑइल जादा असतं तर धूर निळा, हात चिकट. ह्यो नुसताच ओला हाय."

कार्बोरेटरची वाटी काढून त्यानं पेट्रोल काचेच्या ग्लासात ओतलं. तळाशी पाण्याचे थेंब जमले.

"पेट्रोल कशात आणता?"

"कॅनमध्ये. पंप लांब, एसटीनं आणवतो. पाण्याच्याच कॅनमध्ये. दुसरा न्हाई."

"आन् मग त्यातच परत पाणी? न धुता?"

"धुवायला पाणी कुठंय?"

तो भडकेल असं वाटलं. पण त्यानं पाना खाली ठेवला. हळूच विचारलं, "लेकरं काय म्हणतात?"

"आधी वास येतो म्हणून रडायची," मी म्हणालो. "आता न्हाई रडत."