करपलेल्या दुधाचा वास
दूध करपलं की मला निपाणीचं आमचं घर आठवतं. तंबाखूचा ढीग नीट मुरला की नाही, हे माझे वडील मूठभर पानं हुंगून सांगायचे. गावोगावचे शेतकरी त्यांना न्यायला यायचे. मानमोडीच्या तापातून उठल्यावर एकदा ते चुलीकडे पाठ करून बसले होते. दूध करपून घरभर वास कोंदला. मी धावत आले, तर म्हणाले, “काय झालं गं?” तेवढ्यात दारातून एका शेतकऱ्यानं हाक मारली, “अण्णा, ढीग बघायला चला की.” वडिलांनी सवयीनं पटका उचलला आणि पुन्हा खुंटीला अडकवला. “दुसऱ्याला ने रं. मला आता वास येत न्हाय.” तो गेल्यावर ते हळूच म्हणाले, “करपलेल्या दुधाचा वास कसा असतोय, सांग गं.” मला सांगता आलं नाही. आज म्हातारपणीही सांगता येत नाही.