खांदमळणीचं तेल

माणिकराव मूळ बाजारहत्नूरकडचे. घरी कापूस, ज्वारी आणि एक बैलजोडी. फिटरचं शिक्षण झालं आणि सत्त्याऐंशी साली ते आदिलाबादेत द्रव नायट्रोजन तयार करणाऱ्या मशीनवर हंगामी चालक म्हणून लागले. गावोगावच्या गाई-म्हशी गाभण ठेवायला वळूच्या गोठवलेल्या रेतमात्रा या नायट्रोजनमध्येच टिकत. तो उडून गेला की त्या मेल्याच.

मशीन बघायला कोणी आलं की माणिकराव खुलत.

"सायकलीत हवा भरताना पंपाचं बूड तापते का नाही? वायू दाबला का तापते. ती गरमी आमी पाण्यानं काढून घेतो. मंग तोच वायू फैलू द्याचा, का गार पडते."

आत हेलियम होता, कायमचा कोंडलेला. तोच दाबायचा, तोच फैलू द्यायचा. मधे बारीक तारेच्या जाळ्यांची गादी. थंड टोकाकडे जाताना वायू आपली ऊब या गादीत ठेवायचा आणि परतताना उचलून न्यायचा. म्हणून मिळालेला गारवा वाया न जाता फेरीमागून फेरी वाढत जाई. शेवटी थंड टोकाला लागलेली बाहेरची हवा पाण्यासारखी पातळ होऊन ठिबकू लागे आणि तिच्यातून नायट्रोजन वेगळा निघे.

"अन् हेलियमच काऊन?" नेरडीगोंड्याच्या मनकर्णाबाईंनी एकदा विचारलं. दूध घालून संसार चालवणारी बाई. पुतण्यासोबत मुद्दाम बघायला आली होती.

"हवा भरली तं तेवढ्या थंडीत ते सोताच पातळ होईन, बाई. हा होत नाही."

"बैलाबिगर गाय गाभन राह्यते म्हन्ते. पाहू. पुढच्या माजाले तुमचा तो रेताचा गार डब्बा धाडा. नाही राह्यली तं गावात कोनाच्याच गाईले हात लावू देणार नाही मी."

तिचा शब्द गावात चाले, हे माणिकरावांना ठाऊक होतं.

पोळ्याच्या आदल्या दिवशी मशीन दुरुस्तीसाठी उघडलं होतं. गावी त्या वेळी खांदमळणी चालली असणार: वर्षभर जू ओढलेल्या बैलांचे खांदे हळद-तुपानं चोळायचे. माणिकरावांना सुट्टी नव्हती. समोर पिस्टन होता, तोही वर्षभर राबलेला, आणि त्याच्या कड्या कोरड्या ठाक. त्या कोरड्याच चालवायच्या असतात हे त्यांना शिकवलेलं होतं. तरी राहवलं नाही. बोटभर तेल चोळलं आणि मशीन परत जोडून बंदिस्त केलं.

पोळा झाला. नायट्रोजनची धार बारीक झाली, मग थांबली.

केंद्र सांभाळणारे गुरांचे डॉक्टर उद्धवराव यांनी हैदराबादच्या मुख्य कचेरीत फोन लावला. तिथला इंजिनिअर दुसऱ्या गावी अडकला होता. इकडे साठ्याच्या टाकीत माणिकराव लाकडी पट्टी बुडवून बघत. पट्टीवर उमटणारी बर्फाची रेघ रोज खाली सरकत होती. ती बुडाला गेली की जिल्ह्याच्या सगळ्या रेतमात्रा गेल्या, आणि मनकर्णाबाईंसारखी माणसं परत दारात उभं करणार नाहीत. आणि तेल लावल्याचं कबूल करावं तर हंगामी नोकरी जाणार.

ते उद्धवरावांच्या टेबलाशी जाऊन उभे राहिले.

"साहेब, पिस्टनले मी तेल लावलं. ते वायूसंगं जाळीत जाऊन गोठलं असंन."

"तेल? काऊन?"

"खांदमळणी होती, साहेब."

उद्धवरावांनी पेन खाली ठेवलं. त्यांच्याही घरी बैल होते. "मशीनचा खांदा मळला तुमी," ते म्हणाले. "शिंगं रंगवाची राहिली का?" मग आवाज कडक झाला. "हैदराबादले हे मी सांगीन, लपवणार नाही. अन् पुढं काय कराचं ते इचारीन."

इंजिनिअर फोनवर आधी रागावला, मग एकेक कृती सांगत गेला. पिस्टनच्या कड्या पुसून कोरड्या केल्या, गादीच्या जाळ्या काढून धुतल्या, उबेत खडखडीत वाळवल्या. नळ्यांतली हवा पंपानं ओढून काढली, म्हणजे ओलावा आत गोठायचा नाही. राखीव सिलिंडरमधला हेलियम भरला. उद्धवराव बाह्या सारून शेजारी उभे राहून जाळ्या मोजून देत होते.

मशीन फिरू लागलं. बराच वेळ काही नाही. मग नळीच्या तोंडाशी पांढरी वाफ लोळली आणि मागून थेंब आले.

"तुमचं काय कराचं ते वरचे ठरवतीन," उद्धवराव म्हणाले. "मी लिहीन का यानं सोताहून सांगतलं म्हून. आता डब्बा भरा. नेरडीगोंड्याची गाय माजावर आहे."

दोघं बसनंच गेले. डब्बा माणिकरावांनी गुडघ्यांत धरला होता. गाईला मात्रा देऊन उद्धवराव हात धूत होते, तेव्हा मनकर्णाबाईंनी विचारलं, "कळंन कधी?"

"तीन महिन्यानं," माणिकराव म्हणाले. "तपासाले येऊ."

"या. तवर माह्या दिराची एक गाय आहे, गाभन नाही राह्यली अजून, तिच्यासाठीबी डब्ब्यात एक मात्रा ठेवजा."