अंगठ्यानं मोजलेला टायर

टायरच्या दुकानात दोन गोष्टी आपोआप साठतात, जुने टायर आणि किस्से. जुने टायर न्यायला महिन्यातून एकदा माणूस येतो. किस्से न्यायला कुणी येत नाही, ते सांगून सांगूनच कमी करावे लागतात. शाहूपुरीत माझं दुकान बावीस वर्षं आहे. एवढ्या काळात गिऱ्हाइकांच्या वेडेपणाचे चार चांगले किस्से तरी जमायला हवे होते. पण आठवायला बसलो की प्रत्येकात वेडा मीच निघतो. काय करणार!

*

ऑल व्हील ड्राइव्ह, म्हणजे जिच्या चारही चाकांना इंजिनची ताकद जाते अशी गाडी आमच्याकडं पहिल्यांदा आली, तेव्हाची गोष्ट. गाडीचे मालक म्हणाले, पुढच्या चाकातनं घरघर येतेय. आमची जुनी रीत अशी की ते चाक जॅकवर उचलायचं, गाडी गिअरमध्ये टाकायची आणि चाक हवेत फिरवून आवाज ऐकायचा.

बशीरभाई म्हणजे आमचे फिटर, दुकानाएवढेच जुने. ते म्हणाले, "अण्णा, हिची मागची चाकं बी वढत्यात."

मला शिकवताय व्हय, असं म्हणून मी मालकांना गिअर टाकायला लावला.

गाडी जॅकवरनं उतरली आणि सरळ दुकानात आली! टायरच्या ढिगात घुसून थांबली म्हणून माझं टेबल वाचलं. मालक स्टेअरिंग धरून पांढरेफटक पडले होते. बशीरभाई जॅक उचलता उचलता एवढंच म्हणाले, "वढत्यात की."

*

त्या फजितीनंतर मी मोबाइलवर व्हिडिओ बघून अभ्यास केला आणि आठवड्याभरात प्रोफेसर झालो. मंगळवार पेठेतले एक गृहस्थ एक टायर बदलायला आले. गाडीच्या पाठीवर चकचकीत अक्षरांत 'ऑल व्हील ड्राइव्ह' लिहिलेलं. मी त्यांना खुर्चीत बसवलं, चहा पाजला आणि अर्धा तास समजावलं. या गाडीला चारी टायर सारखेच झिजलेले पाहिजेत. एकच नवा घातला तर तो बाकीच्यांपेक्षा मोठा पडतो, त्याचे फेरे कमी होतात, आणि चौघांचा मेळ घालता घालता खालचा गिअरबॉक्स तापून बसतो. कागदावर चित्रसुद्धा काढून दाखवलं.

गृहस्थ शेवटपर्यंत मान डोलवत होते. चहा संपल्यावर म्हणाले, "पावणं, समदं पटलं. पण ते स्टिकर हाय. पोरीनं लावलंय, बरं दिसतंय म्हणून."

बशीरभाईंनी त्यांचा एक टायर बदलला. पुढचे दोन दिवस मी कुणाला काही समजावलं नाही.

*

मग आल्या डॉक्टर मॅडम. त्यांचा मलकापूरला जनावरांचा दवाखाना आहे. वरच्या वाड्यांवर म्हैस अडली की चिखलातनं यांनाच जावं लागतं, म्हणून खरीखुरी ऑल व्हील ड्राइव्ह घेतलेली, स्टिकरवाली नव्हे. दगडानं एका टायरची कूस फाटली होती. तिथं पंक्चर निघत नाही. बाकीचे तीन निम्मे झिजलेले. गाडी त्याच दिवशी हवी होती. "अण्णा, ही गाडी वाटेत बसली तर माझं काही नाही, वरच्या जनावरांचं अवघड आहे. नीट बघून घाला," एवढंच त्या म्हणाल्या.

त्या मापाचे चार नवे टायर दुकानात नव्हते. त्याच कंपनीचा, त्याच नक्षीचा एक वापरलेला मात्र होता. तो बाकीच्यांएवढाच झिजलाय का, एवढाच प्रश्न होता. बशीरभाई नक्षीची खोली मोजायचा गेज घेऊन आले. मी हात आडवा केला. गिऱ्हाइकासमोर गेज लावायचा म्हणजे माझ्या बावीस वर्षांचा अपमान! मी नक्षीत अंगठा घातला, डोळे मिटले आणि सांगितलं, "बरोब्बर निम्मा."

डोळे कशाला मिटले, ते मला आजही सांगता येणार नाही.

*

टायर घालून चार दिवस झाले आणि मॅडमचा फोन आला. डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागलाय आणि वळताना गाडी अडखळते. काय झालंय ते मला तिथंच कळलं होतं. पण तोंडातनं निघालं, "सेन्सरवर चिखल बसला असेल. धुऊन घ्या."

त्यांनी गाडी धुतली. दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन. मी म्हटलं, खालनं धुवा. खालनं धुतली. तिसऱ्या दिवशी मी हवा कमी करायला लावली आणि चौथ्या दिवशी वाढवायला. मी सांगेन ते मॅडम बिचाऱ्या करत होत्या, आणि माझ्या थापेवर विसंबून रोज वाड्या चढत होत्या. मधेच कुठं गिअरबॉक्स बसला तर? या विचारानं मला जेवण जाईना.

बायको हे सगळे फोन ऐकत होती. पाचव्या दिवशी ती म्हणाली, "अहो, गाडी त्यांची, अंगठा तुमचा. मग चिखलाला कशाला बोल लावताय?"

मला फार लाज वाटली. मी दुकानाच्या टेम्पोची किल्ली उचलली.

*

बशीरभाईंना घेऊन मलकापूरला पोहोचलो. दवाखान्यासमोर गाडी उभी होती. बशीरभाईंनी चारी टायरना गेज लावला. माझ्या टायरची नक्षी तीन मिलिमीटरनं जास्त भरली. त्यांनी गेज पुसून माझ्या हातात दिला.

मॅडम मागच्या गोठ्यात होत्या. म्हैस गाभण आहे का ते तपासत होत्या, खांद्यापर्यंत हात आत. मला बघून म्हणाल्या, जरा दावं धरा. चूक कबूल करायला ही काही जागा नव्हे, पण मॅडमच्या तोंडाकडं बघून मला बोलता आलं नसतं. दावं धरून, म्हशीच्या तोंडाकडं बघत मी सगळं सांगितलं. टायर चुकीचा आहे, गेज मीच लावू दिला नाही, आणि पहिल्या फोनलाच मला कळलं होतं.

मॅडमनी हात बाहेर काढला.

"अण्णा, माझा हातपण चुकतो," त्या म्हणाल्या. "पण चुकला की मी मालकाच्या दारात जाते. त्याला म्हैस धुवायला सांगत नाही."

मग हात धुऊन त्यांनी गाडीची किल्ली माझ्यापुढं धरली. गाडी न्या म्हणाल्या, आणि दोन दिवस तुमचा टेम्पो इथं राहू दे.

*

चार नवे टायर मागवले. नवे असूनही मी चौघांना गेज लावला, दोनदा लावला. दिवा विझला. गिअरबॉक्स वाचला होता. बशीरभाईंनी तसं सांगितलं, त्या दिवशी मी पोटभर जेवलो.

तिकडं मॅडम माझ्या टेम्पोतनं गावोगाव फिरत होत्या. टेम्पोच्या दोन्ही बाजूंना माझा मोबाइल नंबर हातभर आकड्यांत रंगवलेला. दुसऱ्या दिवशी सकाळी फोन वाजला.

"डॉक्टर, कालधरनं म्हस वैरण खाईना झालीया. काय देऊ?"

खरं सांगतो, उत्तर माझ्या जिभेवर तयार होतं! म्हशीतलं मला ओ की ठो कळत नाही, तरी तयार होतं. समोर बायको उभी होती.

"बघितल्याबिगर काय सांगता येणार न्हाय," मी म्हणालो. "मॅडमना लावून देतो."

तो माणूस बरं म्हणाला. मग फोनवरच कुणाला तरी सांगताना ऐकू आला, "मोठं डॉक्टर हायत. उगं कायबी बोलत न्हाईत."