दोष सांगून विकलेली गाडी

शालिनीबाईंच्या गाडीत बसायचं तर आधी बाहेर उभं राहून गाडीचे दोष ऐकून घ्यावे लागत. शाळेत सूचना वाचून दाखवावी तशा आवाजात बाई सांगत, "मागची डावी काच खाली करू नकोस, ती परत वर येत नाही. एसी लावला की पायावर पाणी पडतं, चपला काढून बाजूला ठेव. खड्ड्यात पुढून कटकट ऐकू येईल, ती जुनीच आहे. एवढं चालत असेल तर बस गो."

मी पाळीच्या मराठी शाळेत शिक्षिका म्हणून लागले तेव्हा बाई तिथे मुख्याध्यापिका होत्या. पुढे डिचोलीत मी त्यांच्याच आळीत राहायला गेले आणि शेजारीण झाले. बाई निवृत्त झाल्या त्या वर्षी सगळ्यांना वाटलं, आता बाई यात्रेला जातील, नाहीतर घराला रंग देतील. बाईंनी ड्रायव्हिंग शिकून जुनी छोटी गाडी घेतली. कारण साधं होतं. त्यांची धाकटी बहीण सुमन इब्रामपूरला एकटी राहायची. नवरा गेलेला, गुडघे दुखरे. बाई दर रविवारी तिच्याकडे जात, आणि रविवारची बस येणार की नाही हे बसवाल्यांनाही आयत्या वेळी कळत असे. सुमन म्हणायची, माझ्याकडेच येऊन राहा. बाईंना स्वतःचं घर सोडायचं नव्हतं. गाडीमुळे घरही राहिलं आणि बहीणही.

गाडी विकणाऱ्या एजंटाने सांगितलं होतं की ती एका डॉक्टरांची आहे आणि फक्त घर ते दवाखाना एवढीच फिरली आहे. नंतर त्या गाडीतून जे जे निघालं ते पाहून हे डॉक्टर रोज नदीतून दवाखान्यात जात असावेत, असं बाईंचं मत झालं. पहिल्या पावसाळ्यात बॅटरी गेली. मग क्लच प्लेट गेली. मग उंदरांनी वायरी खाल्ल्या. वायरी बदलून आणल्या तर उंदरांना नव्या जास्त आवडल्या. रेडिएटर गळायचा, त्यामुळे चढ आला की बाईंची नजर रस्त्यावर कमी आणि तापमानाच्या काट्यावर जास्त असे. गॅरेजवाला प्रत्येक वेळी म्हणायचा, गाडी तशी मस्त आहे, फक्त एक पार्ट बदलावा लागेल. पेन्शन बाईंच्या नावावर जमा व्हायची आणि गाडीच्या नावावर खर्च पडायची. बाई म्हणत, "मुलगा शिकायला ठेवला असता तर एव्हाना नोकरीला तरी लागला असता."

गाडी रस्त्यात थांबली की बाईंचा खरा त्रास सुरू होई, कारण मग पुरुष जमत. "बॉनेट उघडलं की गावात जेवढे पुरुष तेवढे डॉक्टर," असं त्या म्हणत. कुणी वायर हलवून बघायचा, कुणी नुसताच आत वाकून गंभीर चेहऱ्याने वर यायचा. या सगळ्यांत वडीलकीचा मान आत्मारामभाऊंचा. ते आमच्याच आळीतले. एके काळी त्यांचे खनिजाचे ट्रक होते. खाणी बंद पडल्यावर ट्रक अंगणात गंजले, पण ज्ञान तसंच शाबूत राहिलं आणि त्याला दुसरी जागा नसल्यामुळे ते बाईंच्या गाडीवर येऊन पडलं. दोष कुठलाही असो, भाऊ सगळीकडून बघून एकच सांगायचे, डिझेलची घ्यायला हवी होती. एकदा काच अडकली तेव्हाही त्यांनी हेच सांगितलं.

अशा त्या गाडीने बाईंना वर्षानुवर्षं इब्रामपूरला नेलं आणि परत आणलं. कधी वाटेत तासभर थंड होत बसली, पण रविवार चुकला नाही.

एका रविवारी मी त्यांच्याबरोबर होते. साळच्या पुढे बाईंनी अचानक ब्रेक दाबला. डावीकडून आलेली एक गाय बॉनेटला जवळजवळ टेकून उभी होती. मला ती केव्हाची दिसत होती आणि बाईंनाही दिसत असेल असंच वाटलं होतं. गाय शांतपणे निघून गेली. बाईंनी गाडी कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं.

"मला ती दिसलीच नाही गो," त्या म्हणाल्या. "गाईच्या जागी मूल असतं तर?"

मला गाडी चालवता येत नव्हती. आत्मारामभाऊंना फोन करून बोलावलं. बाई मागे बसल्या. डिचोलीपर्यंत भाऊ गाडी चालवत आले आणि वाटभर डिझेलबद्दल बोलले. बाईंनी एकदाही उलट उत्तर दिलं नाही, तेव्हा मला खरी काळजी वाटली. पणजीच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. बाजूची नजर गेली होती आणि उरलेलीही हळूहळू जाणार होती. गाडी चालवू नका, हे त्यांनी सांगायच्या आधीच बाईंनी ठरवून टाकलं होतं.

विक्रीचं काम भाऊंनी अंगावर घेतलं. इंजिन धुतलं, टायरांना काळं पॉलिश लावलं, आतमध्ये सुवासिक बाटली टांगली. पहिलं गिऱ्हाईक साखळीचा एक तरुण. त्याने गाडीला एक फेरी मारली आणि भाऊंनी डॉक्टरांची गोष्ट नुकती सुरू केली होती, एवढ्यात बाई पुढे झाल्या. रेडिएटरपासून मागच्या काचेपर्यंत सगळे दोष त्यांनी क्रमाने सांगितले. मुलाने नम्रपणे ऐकून घेतलं आणि मोटारसायकलला किक मारली.

भाऊ कळवळून म्हणाले, "बाय, अशें सांगचें न्हय."

"मला सांगितलं नाही म्हणून तर मी फसले," बाई म्हणाल्या. "आता मी तेच दुसऱ्याला करू?"

दुसरं गिऱ्हाईक म्हापशाचं, मेकॅनिक बरोबर घेऊन आलेलं. बाईंचं ऐकून दोघं बाजूला जाऊन कुजबुजले. ही बाई आपणहून एवढं सांगते आहे, म्हणजे न सांगितलेलं केवढं असेल, असा त्यांनी हिशेब केला. मेकॅनिकने मला हळूच विचारलंसुद्धा, या गाडीत कुणी मेलं होतं का? गाडीची सावली अंगावरून झटकावी तसे हात झटकत ते निघून गेले. खोटं सांगितलं असतं तर त्यांनी त्याच दिवशी गाडी नेली असती, याबद्दल भाऊंना शंका नव्हती. मलाही नव्हती.

मग आला बसवराज. बेळगावकडचा, डिचोलीच्या औद्योगिक वसाहतीत कामाला. बरोबर बायको, गंगव्वा. दोघांनी सगळे दोष अंगणात उभ्याने ऐकले. बसवराजने फक्त एकदा विचारलं, उंदीर अजून येतात का. बाई म्हणाल्या, येतात.

"घेतो, बाई," तो म्हणाला. भाऊंचा विश्वास बसेना. त्यांनीच त्याला विचारलं, का घेतोस? बसवराज म्हणाला, "जुन्या गाडीत दोष असणारच. दुसरीकडे ते मला माझ्या खर्चाने शोधावे लागले असते. इथं आयते मिळाले."

ताबा घ्यायला तो आला तेव्हा बाईंच्या ओसरीवर दोन बॅगा आणि एक पेटी भरून ठेवलेली होती. घराची किल्ली त्यांनी माझ्या हातात दिली. सुमनकडे आता कायमचं जायचं, हे त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. बसवराजने काही न विचारता पेटी डिकीत ठेवली आणि आपण सोडतो म्हणाला. गंगव्वा आणि मी मागे बसलो. भाऊ फाटकात उभे होते, त्यांनी काही सल्ला दिला नाही.

बाई पहिल्यांदाच स्वतःच्या गाडीत डावीकडच्या सीटवर बसल्या होत्या. साळ मागे पडलं तसं त्यांनी काचेला कपाळ टेकवलं आणि थोडं थोडं करून, मान वळवत, बाहेर पाहायला लागल्या. एका वळणावर ओढ्याकाठी आंब्याचं मोठं झाड आहे आणि त्याच्या मुळाशी देवाची एक छोटी घुमटी. ती बघून त्यांनी मला विचारलं, ही कधी बांधली.

मी म्हटलं, "पहिल्यापासून आहे, बाई."

पुढे भातशेती लागली, बगळे उठले, एक बाई डोक्यावर भारा घेऊन बांधावरून चालली होती. चढ जवळ आला तसा बसवराजने सवयीप्रमाणे वेग वाढवला. बाईंनी त्याच्या हाताला हलकेच स्पर्श केला.

"सावकाश घे," त्या म्हणाल्या. "मला अजून दिसतंय तोवर बघू दे."